धारपर्यंतची सोबत
१९५४ साली व्यायामशाळेनं देवास ते धार अशी साठ मैलांची, जोडीजोडीनं करायची सायकल-फेरी ठेवली होती. शाळामास्तर उमाशंकर आपल्या होणाऱ्या मेहुण्याबरोबर, भगवंतरावांबरोबर, तिच्यात निघाला. लग्न वीस दिवसांवर आलं होतं. पण आठवड्यापूर्वी नवरी मुलगी, सुमंगला, त्याला देवळात गाठून म्हणाली होती, "मला इंदूरला शिकायला जायचंय. घरी माझं कोणी ऐकत नाही. नकार तुम्ही द्या, आणि माझं नाव सांगू नका." त्याला ती आवडली होती, तरी त्यानं शब्द दिला. इंदूर गेलं, बेटमा गेलं, त्याच्या तोंडून काही निघेना. भगवंतराव मात्र वाटभर मांडवाचं आणि वाजंत्र्यांचं बोलत होते. घाटाबिल्लोदला उमाशंकरची ट्यूब फाटली. भगवंतरावांनी स्वतःजवळची काढली. "राहू द्या जावईबापू, हात काळे होतील," म्हणत तेच ती बसवून पंपानं हवा भरू लागले. तेव्हा तो खाली मान घालून बोलला, "मला हे लग्न करायचं नाही." पंपावरचा हात थांबला. "सुमंगलेत काही खोट दिसली?" "नाही. माझंच मन नाही." भगवंतरावांनी मग उरलेली हवा भरली. "आमची आई सकाळच्या मोटारीनं धारला गेलीय, तुम्हाला ओवाळायला," ते म्हणाले. "तिला तुम्हीच सांगा." दोघं सायकलींवर बसले. धार अजून पंधरा मैल होतं, आणि फेरीत जोडीदाराला मागे सोडायची मुभा नव्हती.