दोन मुठी वर ध्रुव

अलिबागच्या आकाशदर्शन मंडळाचे पत्र चौलच्या मास्तरांना १९२७ साली आले होते. सभासद होण्यासाठी नाव आणि ‘आपल्याकडील साधन’ कळवायचे होते. दुर्बीण नव्हती, कोणत्या तोंडाने लिहायचे? पत्र नऊ वर्षे नव्यानव्या पंचांगात सरकत राहिले. आज गुणाजी तांडेल होडीचा मुहूर्त विचारायला आला आणि पंचांग उघडताच पत्र खाली पडले. मास्तरांनी ओशाळून वाचून दाखवले. “दुर्बीण न्हाय म्हून गप ऱ्हायलास? मास्तर झालास नि आज्याची मूठ इसरलास!” बालमित्र हसला. लहानपणी गुणाजीच्या आज्याने होडीत दोघांचे हात लांब धरून शिकवले होते: ध्रुव पाण्यापासून दोन मुठी वर दिसला, की आपले गाव आले. दिवेलागणीनंतर मास्तरांनी किनाऱ्यावरून उत्तरेकडे मुठीवर मूठ धरली. ध्रुव अजून तिथेच होता. ‘साधन’पुढे त्यांनी ‘दोन मुठी’ लिहिले आणि धीर सुटण्याआधीच उत्तर टपालपेटीत टाकले.