आत कोरलेलं नाव

लीनाला हल्ली चोरांची धास्ती. लग्नाची अंगठी परसात पुरायची आणि कुठे पुरली ते विसरायची. म्हणून तिचा नवरा विश्राम सत्तरीत ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या मेटल डिटेक्टर क्लबात शिरला. आज एकट्याला सापडेना, तेव्हा अख्खा क्लब मदतीला आला. हिरवळीची चाळण झाल्यावर लिंबाखाली यंत्र किंचाळलं. “गॉट इट, मेट!” सेक्रेटरी ओरडली. क्लबचा नियम असा: आत काय कोरलंय ते मालकाने सांगितल्याशिवाय अंगठी द्यायची नाही. विश्रामने लीनाला विचारलं. लीनाने लाजून नवऱ्याचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. त्याचा जीव भांड्यात पडला. अंगठी बोटात सारत ती त्याला म्हणाली, “उपकार झाले हो तुमचे. हे येतीलच इतक्यात कामावरून, काय तोंड दाखवलं असतं? चहा घेऊनच जा.” विश्रामने टोपी काढली आणि क्लबवाल्यांच्या शेजारी पाहुण्यासारखा अंग चोरून बसला.