रेवाचं जाकीट

“आता प्रमुख पाहुण्यांचा सत्कार रेवाताईंचे यजमान यतीन करतील,” रेवाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सभेत हेमांगीने माईकवर जाहीर केलं आणि शाल-श्रीफळाचं तबक पुढे धरलं.

यतीन खुर्चीखालची कापडी पिशवी घेऊन उठला. तबकातला नारळ त्याच्याच वाडीतला होता, सकाळी त्यानेच सोललेला. सोलून झाल्यावर त्याने कोयता या पिशवीत टाकला होता. निघताना काढून ओट्याखाली ठेवला. दारापर्यंत गेला, परत आत येऊन ओट्याखाली बघत राहिला. कोयता आता घरी होता.

व्यासपीठावर हर्षवर्धन उभा होता, रेवाच्या वृत्तवाहिनीचा संपादक. मागे हार घातलेला रेवाचा फोटो. आत्ताच हर्षवर्धनचं वीस मिनिटांचं भाषण झालं होतं. रेवा किती निडर होती, युद्धाच्या बातम्या देताना गोळ्यांपुढे कशी उभी राहायची. “आम्ही तिला सगळं संरक्षण दिलं होतं,” असं म्हणून त्याने चष्मा पुसला होता. “पण ती ऐकणारी नव्हती. अजून पुढे, अजून पुढे जायची. काय करणार?”

वर्षापूर्वी, रेवा गेली त्या आठवड्यात, टीव्हीवर त्याने हेच, सगळं संरक्षण दिल्याचं वाक्य म्हटलं होतं. वसईत, तिच्या माणसांसमोर, म्हणेल की नाही याची यतीनला धाकधूक होती. म्हणाला. यतीनला बरं वाटलं.

“शाल राहू दे,” तो हेमांगीला म्हणाला. “मी आणलंय.”

त्याने पिशवीतून रेवाचं निळं बुलेटप्रूफ जाकीट काढलं. छातीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘प्रेस’. अक्षरांच्या खाली बोट जाईल एवढं भोक, आणि भोकाभोवती सुकून काळा पडलेला डाग. तिच्या सामानाच्या खोक्यातून घरी आलं तेव्हापासून त्याने ते धुतलं नव्हतं.

हर्षवर्धन अर्धं पाऊल मागे सरला. “अहो यतीनजी, ही तर तिची आठवण. आपण ऑफिसात काचेत लावू.”

“हात वर करा, सर.”

समोर दोनशे माणसं होती. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? हर्षवर्धनने हसरा चेहरा करून हात वर केले. यतीनने जाकीट त्याच्या डोक्यातून घातलं आणि दोन्ही बगलांचे पट्टे ओढले. मग आणखी थोडे ओढले. हर्षवर्धनच्या तोंडून ‘हं’ निघालं, ते यतीनने नीट ऐकून घेतलं. मागच्या रांगांतून काहींनी टाळ्याही वाजवल्या.

“हलकं आहे ना, सर?”

“हो. म्हणजे... आहे.”

“जड असायला हवं. पुढे एक आणि मागे एक, अशा दोन जाड प्लेटा असतात आत. गोळी त्यांच्यावर अडते. कापड काय अडवणार?” माईक जवळच होता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “तिने तुम्हाला चार वेळा फोन केला. तुम्ही म्हणालात, प्लेटा मागून पाठवतो, तोवर काम चालू ठेव. त्याच रात्री तिने मला सांगितलं.”

“हे बघा, ही बोलायची जागा नाही.”

यतीनने बोट वाकवलं आणि हर्षवर्धनच्या छातीवर पेराने ठोकून पाहिलं. जरा बाजूला, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी कानही जवळ नेला.

टाळ्या बंद झाल्या. समोरची निम्मी माणसं वाड्यांमधली होती. नारळ वाजवून घेणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या रांगेतून भागूबाई उठली. तीस वर्षं ती यतीनच्या वाडीत कामाला होती. तिने तिथूनच विचारलं, “काय रं यतीन, हाय का काय आत?”

“काय नाय, भागूबाई. रिकामं.”

“कवापासून?”

“पयल्यापासून.”

भागूबाई खाली बसली नाही. तिच्या शेजारची दोघं उठली. मग मागची रांग.

हर्षवर्धन बगलेतला पट्टा चाचपडत होता. त्याला तो सुटेना. “काढा हे,” तो ओठ न हलवता म्हणाला. “यतीनजी, प्लीज. काढा.”

“सत्कार पुरा होऊ द्या.”

यतीनने तबकातला नारळ उचलला आणि कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं. “हा भरलेला आहे,” तो म्हणाला आणि नारळ त्याच्या हातात ठेवला. “शेल्डन, फोटो घे.”

फोटोग्राफर शेल्डन रेवाच्या वर्गातला. इतका वेळ तो कॅमेरा गळ्यात सोडून उभा होता. तो व्यासपीठाच्या अगदी कडेशी आला, एक डोळा मिटला आणि लांब लेन्स हर्षवर्धनच्या छातीवर रोखली.

हर्षवर्धनने दोन्ही हातांनी नारळ वर उचलला आणि जाकिटाच्या भोकासमोर घट्ट धरला.

“तिथेच धरा, सर,” यतीन म्हणाला.