सासूबाईंचा सोऱ्या

विमानतळावरच्या तपासणीत आमचा पितळी सोऱ्या अडकला. पडद्यावर तो छोट्या तोफेसारखा दिसत होता.

"चकलीचा आहे, सासूबाईंचा," मी गणवेशातल्या बाईंना सांगितलं. "लेकीकडे चाललोय, दिवाळीला."

"सिद्ध करा. नाहीतर इथेच राहील."

तीस वर्षं सासूबाईंनी माझ्या चकलीला नावं ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि घरात चकली बंदच झाली. यंदा सोऱ्या पुन्हा बाहेर काढला होता. तो सोडून जाणं शक्य नव्हतं.

मी पिशवीतली भाजणी ट्रेमध्ये ओतली. ह्यांनी नळावरून ओंजळभर पाणी आणलं. मागची रांग थांबली. पीठ मळून, सोऱ्यात भरून मी ट्रेमध्येच चार वेढ्यांची चकली पाडली.

बाईंनी ट्रे यंत्रातून पाठवला. पडद्यापुढे तीन अधिकारी वाकले.

"काटे नाहीत," शेवटी बाई म्हणाल्या. "पीठ सैल झालंय तुमचं."

माझे डोळे भरून आले. अगदी तोच सूर.

त्यांनी सोऱ्या पुसून माझ्या हातात दिला. "न्या. आणि तळताना घाई करू नका."

"हो, आई," हे सवयीने म्हणाले.