मुंजाजीचं डावं इंडिकेटर

"असा दिवा बसव, की आंधळ्याला बी दिसला पाहिजे," मुंजाजी म्हणाला आणि त्यानं मोटारसायकल बजरंगच्या गॅरेजसमोर उभी केली.

बजरंगनं जुनं इंडिकेटर लावून पाहिलं. पिवळ्या काचेच्या आत कुठंतरी एक ठिपका उघडझाप करत होता. तो खरंच लागलाय का, हे बघायला बजरंगला मोबाईलची बॅटरी लावावी लागली.

"मामा, तुमी पेडगावात वळता तरी कुठं? घरून रान, रानातून घर. तुमी कुठं जायलात ते मेंढरालाबी पाठ हाय."

"वळायचं कुणाला हाय? नुसतं चालू ठेवायचंय."

बजरंग पाना हातात धरून गालातल्या गालात हसला. "व्यंकटरावमामासाठी व्हय?"

मुंजाजी खाली वाकून टायरातली हवा दाबून बघू लागला. म्हणजे त्याच्यासाठीच.

व्यंकटराव त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. तो शेतकरी, हा मेंढरंवाला. दर उन्हाळ्यात मुंजाजीची मेंढरं रात्री बसायची ती पहिल्यांदा व्यंकटरावाच्या रानात. लेंडीखताचा पहिला मान त्याचा, मग बाकीच्या गावाचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र मुंजाजीनं कळप आधी दुसऱ्याच्याच रानात बसवला, कारण तिथल्या विहिरीला पाणी होतं. व्यंकटरावाला वाटलं, आपला मान गेला. त्यानं बोलणं टाकलं. मग यानंही टाकलं. तेव्हापासून मुंजाजीला संध्याकाळचा चहा गोड लागत नव्हता, घरात कितीही साखर घातली तरी. पण आधी कुणी बोलायचं? जो आधी बोलेल तो नमला, हा हिशोब दोघांचाही पक्का.

आता या भागातल्या माणसांचं एक आहे. सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं बोलणार नाहीत, पण कुणाच्या गाडीचं इंडिकेटर विनाकारण चालू दिसलं, की ओरडून सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही. वालूरच्या बाजारातून म्हणे एक चोर मोटारसायकल घेऊन पळाला. अख्खा बाजार मागं लागला, गाडीचा मालक सगळ्यांच्या पुढं. आणि मालकच ओरडत होता, "आरं, स्टँड वर घे, पडशील." चोरानं स्टँड वर घेतला, हात वर करून मालकाचे आभार मानले आणि निघून गेला.

मुंजाजीचा बेत याच सवयीवर उभा होता. व्यंकटराव संध्याकाळी ओट्यावर बाज टाकून बसतो. त्याच्यासमोरून इंडिकेटर मिचकावत जायचं. बोलल्यावाचून राहील कुठं? जुना दिवा त्याला दिसलाच नसता, एवढीच काय ती अडचण होती.

"डावं चालू ठेवणार की उजवं?" बजरंगनं नवे एलईडी बसवत विचारलं.

"डावं. त्याचा ओटा डाव्या हाताला हाय."

त्या संध्याकाळी मुंजाजी गल्लीत शिरला तेव्हा उजाडलं समजून कोंबड्या खुराड्यातून बाहेर आल्या, असं लोक सांगतात. निम्मं खोटं धरा. पण पारावरून, गिरणीतून, नळावरून सगळे ओरडले, "मामा, इंडिकेटर." मुंजाजी "व्हय, व्हय" म्हणत पुढं गेला आणि बटणाला हात लावला नाही.

व्यंकटरावानं दुरूनच पाहिलं. गाडी जवळ आली तसा तो बाजेवर कडेला सरकला. बोलला मात्र नाही.

"सरकून बसला," घरी येऊन मुंजाजी बायकोला म्हणाला. "माझी सावली बी नको त्याला."

"अख्खं गाव बोललं तुमच्याशी," नर्मदाबाई म्हणाली. "ज्यानं बोलायचं तो सोडून."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दिवा लखलखायचा, गाव ओरडायचं, व्यंकटराव सरकायचा. एकदा तर बाजेशेजारी दोन कपबश्या मांडलेल्या दिसल्या. कुणी पाहुणा यायचा असेल, आपण कशाला मध्ये, म्हणून मुंजाजीनं गाडी आणखीच जोरात काढली. नळावरच्या बायकांनी तर ओरडणंसुद्धा सोडून दिलं. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं बटण बिघडलं, असं त्या आपसांत बोलू लागल्या.

हळूहळू मुंजाजीचा धीर सुटला. ज्याला चोरसुद्धा परका वाटत नाही अशा मुलखात आपण एवढे परके झालो, तर उद्यापासून कॅनॉलच्या रस्त्यानं जावं. तो रस्ता लांबचा आहे, खड्ड्यांचा आहे, पण तिथं ओटा नाही.

त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं. डावं इंडिकेटर विझलं. गाव गप्प राहिलं. मुंजाजी समोर बघत, मान न वळवता ओट्यापुढून निघून गेला.

मागं बाज करकरली. चपला न घालताच कुणीतरी ओट्यावरून खाली उतरलं.

"मुंज्या," व्यंकटराव म्हणाला, "रोज इकडं वळतो म्हणून सांगायचास अन् सरळ निघून जायचास. आज सांगायचं बी सोडलंस का रं?"