करपल्याचा वास

ब्रेडचा स्लाइस थेट बर्नरवर ठेवून काकूंनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि बाहेरचं दार बोटभर उघडं ठेवलं. मग केस सारखे केले आणि स्टुलावर बसून राहिल्या.

स्लाइसची कड जेमतेम काळी पडली होती, तोच दार वाजलं.

"वहिनी, काहीतरी करपतंय!" समोरच्या घरातले किल्लीवाले ओला टॉवेल घेऊन उभे.

"अगंबाई! फोनच्या नादात विसरलेच बघा." फोन कुणाचाच आला नव्हता.

किल्लीवाल्यांनी गॅस बंद केला आणि स्लाइस चिमट्यात पकडून नळाखाली धरला. आग विझवल्याच्या थाटात.

"काय नाक आहे हो तुमचं!" काकू म्हणाल्या.

"जन्म गेला किल्ल्या घासण्यात. लक्ष ठेवायची सवय लागते माणसाला."

"आता आलाच आहात तर चहा घ्या."

"तुम्ही म्हणताय तर घेतो," असं म्हणत ते नेहमीच्या खुर्चीत बसलेसुद्धा.

आता खरं सांगायचं तर काकूंचा हात असा कधीच नव्हता. एका मोठ्या इस्पितळाचं कँटीन त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. हाताखालच्या पोरीकडून दूध जरा लागलं, तरी तिची खैर नसायची. पण नवरा गेला, लेक लग्न करून लांब गेली आणि संध्याकाळ झाली की घर खायला उठायला लागलं. स्वयंपाक एकटीचा. वाढायचं कुणाला? बरं झालंय म्हणायचं कुणी?

एकदा मात्र खरोखरच करपलं. दूध गॅसवर ठेवून त्या कचरा टाकायला बाहेर आल्या आणि दार मागे लागून गेलं. समोर नुकतेच राहायला आलेले किल्लीवाले जुडगा घेऊन धावले. बघता बघता कुलूप उघडलं, पण पातेलं कोळसा झालं होतं. काकू कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या, आणि दोघांनाही हसू फुटलं. त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत बसले. निघताना म्हणाले, "पुन्हा काही करपलं तर मी आलोच म्हणून समजा."

काकूंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

"एकटीला करमत नाही, येत जा" असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. ते विधुर, त्या विधवा, आणि इमारतीला बोलायला विषय हवेच असतात. त्या मानाने जळका वास कसा, सभ्य. काकूंनी त्यात हळूहळू कसब मिळवलं. दूध नासवायला मन धजत नसे, साखर जाळली की भांडं हातचं जायचं, आणि कांद्याच्या सालांनी सगळी इमारत गोळा व्हायची. शिळा ब्रेड उत्तम, आणि दार बोटभर उघडं. एकदा तर एकामागून एक तीन स्लाइस जाळले, तरी दार वाजलं नाही. किल्लीवाले उगवले ते संध्याकाळीच. "डुलकी लागली होती," म्हणाले.

चहाबरोबर जुन्या गोष्टी निघायच्या. काकूंच्या नवऱ्याने लेकीच्या वाढदिवसाला केक केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. पोरीने बापाचं तोंड बघितलं आणि मुकाट्याने अख्खा तुकडा संपवला. किल्लीवाल्यांच्या बायकोचा कुकर उडाला आणि बटाटे छताला जाऊन चिकटले. हे शिडीवर चढून खरवडत होते, तर ती खालून म्हणते, "राहू दे, आज वरच जेवायला बसू." हे सांगताना ते नेहमी हसायचे आणि मग कप रिकामा असला तरी त्यात बघत राहायचे.

पण खालच्या मजल्यावरून बातमी लेकीपर्यंत पोहोचलीच.

"आई, तू करपवतेस? तू?" फोनवर तिचा आवाज कापरा झाला. "हल्ली विसरायला होतं का गं तुला?"

"छे! झालं असेल एखाद्या वेळी."

"मी चिमणी पाठवतेय. ती बसवून घे, नाहीतर सरळ तुला इकडे घेऊन येते."

आठवड्याभरातच मिस्त्री येऊन ती बसवून गेला. शेगडीवर हे भलंमोठं धूड.

"धूर दिसला की आपोआप सुरू होते, काकू," त्याने सांगितलं होतं. "आता काहीही जाळा. दाराबाहेर वास म्हणून जाणार नाही."

"अगदी जराही?"

"गॅरंटी!"

काकूंचा चेहरा उतरला. मिस्त्रीला वाटलं, बिलामुळे. "समोरच्या काकांनाही विचारून येतो," म्हणत तो गेला. ड्रिल इथेच राहिलं.

तो गेल्यावर काकूंनी स्लाइस काढला आणि बर्नरवर ठेवला. धूर निघाला. चिमणी घुरघुरली आणि सगळा धूर गिळून मोकळी झाली. स्लाइस जळून राख झाला. दार वाजलं नाही. काकूंनी दुसरा ठेवला. स्वयंपाकघरात चांगली ताजी हवा होती.

त्या स्टुलावर बसल्या. आपलंच आपल्याला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. कारण नसताना ते इकडे कशाला येतील? आणि लेकीला तरी काय सांगायचं, की तुझी चिमणी नको, मला धूर हवाय?

दार वाजलं. काकू धडपडत उठल्या.

दारात मिस्त्री होता. "ड्रिल विसरलो, काकू."

त्यांनी ड्रिल त्याच्या हातात दिलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "घेतली का हो समोरच्यांनी चिमणी?"

"कसली घेतात! हसायलाच लागले. म्हणाले, बायको असतानाच एका तापात माझं नाक गेलं, तेव्हापासून कसला म्हणून वास येत नाही मला."