दहा डोळे

“बाही वर कर,” ती म्हणाली.

दादाने शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली. जेवणाच्या टेबलावर कापूस होता, सुई होती आणि प्रयोगशाळेतून पर्समध्ये लपवून आणलेली बाटली होती. बाटलीतलं औषध आजवर फक्त उंदरांच्या शेपटीतल्या शिरेत टोचलं होतं. तिनेच.

“मला शेपूट नाही हं,” दादा म्हणाला. “शीर नीट शोध.”

एरवी ती हसली असती.

दादा जन्मापासून आंधळा. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. कागदावरच्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत चुका पकडायचा. एक ठिपका जरी बसका उमटला तरी पान परत. “लोकांना दोन डोळे, मला दहा,” हे तो नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवायचा. लहानपणी वीज गेली की सगळं घर चाचपडत बसायचं, आणि हा पांघरुणात पुस्तक धरून धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवायचा. आई-वडील गेल्यावर दोघंच उरली.

मग त्याच्या आतड्यात गाठ निघाली. ती यकृतापर्यंत पोचली होती, त्यामुळे कापून काढायची सोय नव्हती. केमो सुरू झाली. गाठी आक्रसू लागल्या, पण बोटं बधिर होत गेली. आधी नळाचं गार पाणी सुयांसारखं टोचायचं. पुढे तेही थांबलं. एका सकाळी तो पान समोर घेऊन बराच वेळ बसून राहिला.

“यांनी कोरा कागद पाठवलाय,” तो म्हणाला.

कागद कोरा नव्हता.

“केमोने नसांना इजा होते,” डॉक्टर म्हणाले. “बोटांचं नंतर बघू. आधी जीव.”

दादा घरी येऊन खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. रेडिओ लावून दिला तर बंद करायचा. ताट पुढे केलं तर जेवायचा, नाही केलं तर मागायचा नाही.

प्रयोगशाळेत ती नेमकं केमोने होणाऱ्या नसांच्या इजेवरच काम करत होती. केमोने पेशी आतून गंजतात. तो गंज थोपवणारी औषधं जगाला माहीत होती, पण ती रक्तात फिरून लघवीवाटे निघून जायची. पेशीच्या आत शिरायचीच नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. तिने ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात कोंडलं आणि थेंबावर अशी खूण चढवली, की नसांच्या पेशींनी ती ओळखावी आणि थेंब आत घ्यावा. केमोने लुळे पडलेले उंदराचे पाय पुन्हा तारेची जाळी धरू लागले, तेव्हा ती प्रयोगशाळेतच रडली होती. माणसांवरच्या चाचण्यांना अजून काही वर्षं होती. दादाकडे तेवढी वर्षं नव्हती.

“हे नसांमध्येच जातं ना नक्की?” दादाने विचारलं.

“पत्ता लिहिलाय त्यावर.”

“आणि पोस्टमन चुकला तर?”

“उंदरांमध्ये तरी चुकला नाही.”

“मग टोच.”

केमोच्या प्रत्येक खेपेला ती टोचत गेली. आधी त्याला शर्टाची बटणं कळू लागली. मग दाढीचे खुंट. एके दिवशी ती कामावरून परतली, तर दादा खिडकीशी मोठ्याने वाचत होता. अडखळत, शाळेतल्या पोरासारखा. तिची चाहूल लागूनही वळला नाही, बोटं ओळीवर होती. “थांब शहाणे, परिच्छेद संपू दे,” एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो छापखान्यात गेला. त्याच्यावाचून एक जाडजूड कादंबरी अडून पडली होती. ती त्याने ओळ न् ओळ तपासून पुरी केली.

मग स्कॅन झाला.

डॉक्टर फिल्मकडे बघत राहिले. “गाठी चांगल्या आक्रसत होत्या. मधूनच केमो जुमानेनाशा झाल्या. यकृत भरत आलंय.” त्यांनी चष्मा काढला. “बाहेरचं काही घेतलं नव्हतंत ना?”

“नाही,” दादा म्हणाला. तिने तोंड उघडायच्या आत.

बाहेर बाकावर बसल्यावर तिला ते उंदीर आठवले. सगळे धडधाकट होते. केमोशिवाय त्यांना कसलंच दुखणं नव्हतं. गाठ एकाच्याही अंगात नव्हती. थेंबावरची खूण गाठीच्या पेशी ओळखतात की नाही, हे तिने तपासलंच नव्हतं. दादाच्या गाठींनी ती ओळखली होती. केमो त्यांना आतून जाळत होती, आणि ती आग बहीण खेपेखेपेला विझवत होती.

“दादा,” ती म्हणाली. “माझं औषध गाठीत शिरलं. मी बोटं वाचवायला गेले आणि गाठीलाच वाचवलं. मीच तुला...”

त्याने चाचपून तिचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला.

“मी विचारलं होतं डॉक्टरांना,” तो म्हणाला. “पहिली सुई दिलीस, त्याच्या आधी. तू खाली औषधांच्या दुकानात होतीस. ते म्हणाले, पेशी जपणारं काहीही घेऊ नका, ते गाठीलाही जपेल.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर तू टोचलं असतंस?”